अंदमानचा नळ आणि आमचा नळ

मंडळी, पुढच्या आठवड्यात आम्ही अंदमानला चाललोय. म्हणून आज सकाळी तिथल्या हॉटेलवाल्याला फोनवर विचारलं, "नळाचं पाणी पिता येतं का?"

"नाही मॅडम, बाटलीचंच प्या."

सासूबाई तेव्हा आमच्या कामतघरमधल्या घरच्या नळाला नवं फडकं बांधत होत्या. लूमवर विणलेल्या कापडाचा तुकडा, तोच आमचा फिल्टर. म्हणाल्या, "एक बॅगेत टाक. तिकडं बांध."

मला हसू आलं. "आई, फडक्यानं पाणी शुद्ध होत नाही हो."

त्यांनी जुनं फडकं पुढे धरलं. सोमवारी पांढरं होतं, आज चहाच्या रंगाचं. "मग आपन रोज काय पितो?"

चार दिवसांच्या अंदमानसाठी मी लगेच फोन केला. या नळासाठी पालिकेला, इथं राहतेय त्या तेरा वर्षांत, एकही नाही. तुम्ही केलाय कधी?