सिनिअरचे बूट

लाखांदूरहून भंडाऱ्याच्या कॉलेजात गेलो, त्याच वर्षी सरांनी मला फुटबॉल संघात सेंटर फॉरवर्डला घेतलं. दोन वर्षं त्या जागी खेळलेला सिनिअर बाहेर बसला. नागपूरच्या पहिल्या मॅचआधी तोच मला आपले बूट द्यायला आला. मला संशय आला. आत हात घालून मी खिळा टोचतो का ते चाचपलं.

"काहून देऊन राहिले, भाऊ?"

"मले आता नाही लागत."

तरी मी कॅनव्हासच्याच बुटांत खेळलो, घसरलो, आणि आम्ही हरलो. परतताना एसटीत सर म्हणाले, "त्याचा गुडघा गेला. तुझं नाव त्यानंच सुचवलं होतं."

भंडाऱ्याच्या अलीकडचं शहापूर आलं तेव्हा कुठे मी उठून त्याच्याजवळ गेलो. तो सरकला आणि त्यानं मला जागा दिली.