साचेखात्यातली गाठ

घरून निघताना पिशवीत दोन गोष्टी आठवणीने घेतल्या. पांढऱ्या सुताची एक गुंडी आणि शंभर पानी वही. एका गाठीसाठी मुंबईला चाललेय असं गावात कुणालाच सांगितलं नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं, आणि त्यात त्यांची काही चूक नसती.

प्रकार असा. मी कणकवलीकडच्या एका शाळेत कार्यानुभव शिकवते. आमच्याकडे एक जुना हातमाग आहे. सातवीची मुलं त्यावर प्रार्थनेला बसायची पट्टी विणतात, म्हणजे विणायचा प्रयत्न करतात. उभा धागा तुटतो, मी गाठ मारते, ती जाड होते आणि फणीत (ज्या दातांमधून उभे धागे ओवलेले असतात त्या पट्टीत) अडकते. धागा पुन्हा तुटतो. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत एक पट्टी पुरी करून दाखवा. नाहीतर माग माळ्यावर ठेवू. ती जागा संगणकांना हवीय." माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे याचाच मला जास्त राग आला.

आणखी एक राग होता, जुना. माझे वडील लालबागच्या एका मिलमध्ये साचेवाले होते. तिथे मागाला साचा म्हणत. मिल बंद पडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बिऱ्हाड गुंडाळून आम्ही गावी आलो, आणि त्यानंतर बाबांनी सुताला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. मी मिलचं काही विचारलं की एकच उत्तर, "अभ्यास कर." डोळ्यांना दिसू नये इतकी बारीक गाठ ते मारत, असं आई सांगायची. ते गेले, आणि मला शिकवायचं राहून गेलं.

दादरला उतरले तेव्हा उजाडलं होतं. फुलबाजारात चिखल तुडवत चालताना एका मावशींपाशी थांबले. शेवंतीची वेणी त्यांच्या बोटांतून सरसर खाली उतरत होती. दोऱ्याला त्या कसा वेढा देतात ते मला काही केल्या दिसेना.

"मावशी, जरा सावकाश करून दाखवता?"

"सावकाश केलं की चुकतं माझं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "घ्यायची का वेणी?"

घेतली. वेणी माळून मी गिरगावची बस धरली.

फणसवाडीत एक बाई हस्तकलेचे वर्ग घेतात, एवढीच माझ्याकडे माहिती. जिना चढून गेले तर खोलीभर रुखवत मांडलेलं. मोत्यांची तोरणं, लोकरीचे रुमाल, खडीसाखरेची तुळस. सुमनताई सत्तरीच्या, आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत. पूर्वी नवरी मुलगी वर्षभर खपून हे सगळं करायची, आता मुली फोटो पाठवतात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ते न्यायला टॅक्सी, असं त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मी सूत पुढे केलं. त्यांनी सात तऱ्हांच्या गाठी मारून दाखवल्या. सगळ्या सुबक आणि सगळ्या जाड.

"तुम्हाला हवी ती मिलची गाठ," त्या म्हणाल्या. "ती आम्हा बायकांकडे कशी असेल? गिरणगावात विचारा. कुणी उरलं असेल तर."

शेवटचं वाक्य मला लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानात साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं, पण लक्ष खाण्यात नव्हतं.

लालबागला उतरल्याबरोबर मसाल्याच्या गल्लीतला मिरचीचा खाट नाकात गेला आणि मी सलग आठ शिंका दिल्या. लहानपणी आई पदर नाकाला लावून इथून मला ओढत नेई. बाबांची मिल मात्र सापडेना. जिथे फाटक होतं तिथे काचेची इमारत, तळमजल्यावर दुकानं. भोंगा झाला की आम्ही पोरं या फाटकापाशी धावायचो. बाबांच्या केसांत कापूस असायचा, आणि तो वेचून काढायचा मान माझा. तो कापूस हवासा वाटून मी एका दुकानात शिरले. तिथे 'हातमागाच्या' उशा मांडल्या होत्या. मी एक अभ्रा उलटा करून बोट फिरवू लागले.

"मॅडम, डिफेक्ट शोधताय का?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"नाही, गाठ शोधतेय."

तिने अभ्रा माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

शेवटी परळ. बाबांचे मिलमधले जोडीदार महादेवकाका तिथे चाळीत राहतात हे मला ठाऊक होतं. मग आधीच का नाही गेले? भीती वाटत होती. ते नसते, तर विचारायला दुसरं कुणीच नव्हतं. जिन्यापाशी उभी राहून मी देवाचं नाव घेतलं आणि दुसरा मजला चढले.

काका होते. ऐंशीच्या पुढचे, बारीक, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दत्तारामाचा चेडू (मुलगी) ना गो तू? नाक तसाच हा."

काकींनी आधी जेवायला वाढलं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. पोटभर जेवल्यावर मी वही उघडली, पेन काढलं आणि सूत काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते मधोमध तोडलं. बोटं एकदा वळली आणि सूत अखंड झालं. मी नखाने चाचपडून पाहिलं तेव्हा कुठे तांदळाच्या कणीहून लहान काहीतरी लागलं.

"आता सावकाश. आधी डावं टोक वर की उजवं?"

काका थांबले. बोटांकडे पाहू लागले. पुन्हा करायला गेले आणि चुकले. दुसऱ्यांदा चुकले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग ते नेहमीच्या वेगाने मारत असताना मी मोबाईलवर चित्रण घेतलं, तर सगळी गाठ अंगठ्याआड. माझी वही कोरीच.

"ह्याका शब्द नाय गो," ते म्हणाले. "साचेखात्यात आवाज एवढा, की कानात ओरडला तरी ऐकू नाय येत. बोलून कोण शिकवणार? शिकवणारो पाठीमागे उभो ऱ्हवायचो आणि नव्या माणसाचे हात आपल्या हातात धरायचो. आठ दिवस तसा. मग हातच शिकायचे."

"मग तसं शिकवा."

काका संकोचले. मित्राची मुलगी, तीही पन्नाशीची शाळेतली बाई. तिचे हात कसे धरायचे? ते टॉवेलने उगाच बोटं पुसत बसले. काकी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "अहो, धरा की. आपलीच लेक ती."

मग ते उठले. माझ्या पाठीशी उभे राहिले आणि दोन्ही बाजूंनी हात पुढे आणून माझी बोटं त्यांनी आपल्या बोटांत घेतली. खरखरीत, कोरडे हात. माझा अंगठा त्यांच्या अंगठ्याखाली दबला, सुताने नखामागून वेढा घेतला, टोक आत गेलं. एकदा, दहादा, किती वेळा ते मी मोजलं नाही. मी विचार करू लागले की गाठ सुटायची.

"मी बदलीत (बदली कामगार म्हणून) लागलंय तेव्हा माका आठ दिवस तुझ्या बापाशीनं असा धरलेला," काका मागून म्हणाले. "अंगठो असोच दाबायचो."

मला रडू आवरेना. बाबांनी माझा हात असा धरल्याचं मला आठवत नाही. परीक्षेला जाताना ते डोक्यावर हात ठेवायचे, तेवढंच.

"मग मला का नाही शिकवलं त्यांनी?"

"तो म्हणायचो, माझा चेडू लिवात-वाचात, तेका धागो नको. मिल आमका खाऊन गेली, बाय. कोण आपल्या पोराच्या हातात देतलो ता?"

बाबांवरचा राग इतकी वर्षं सांभाळला होता, तो आता कुठे ठेवावा ते कळेना. चार वाजता माझी पहिली गाठ टिकली. काकांनी ती डोळे मिटून बोटांनी तपासली आणि म्हणाले, "जाता. फणीतसून जाता."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परतले. पनवेल सुटल्यापासून सुताची गुंडी मांडीवर घेऊन तोडत होते आणि जोडत होते. समोरच्या आजोबांनी जागा बदलून घेतली. माझ्या मनात एकच येत होतं. आपण शाळेत कार्यानुभव शिकवतो ते फळ्यावर आकृती काढून, पायरी एक, पायरी दोन लिहून. त्यातून जे सुटतं ते किती जणांच्या हातांबरोबर संपून गेलं असेल. हात धरायला माणूस जवळ यावा लागतो, आणि आपण त्या अंतराला शिस्त म्हणत आलो.

सोमवारी सातवीत गेले. माग अजून तिथेच होता, पट्टी अर्धी, दिवाळीला अठरा दिवस. तिसऱ्याच मिनिटाला धागा तुटला. मागावर मानसी बसली होती, वर्गातली सगळ्यात धसमुसळी मुलगी. मी खडू खाली ठेवला, तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिचे हात हातात घेतले. आधी ती लाजली, वर्ग हसला, मग शांत झाला. पाचव्या खेपेला गाठ बसली. मानसीने फणी पुढे ओढली. धागा न अडकता निघून गेला.

"बाई, हात सोडा ना," ती म्हणाली. "येतंय मला आता."

सोडायला मला थोडा वेळ लागला.