पदरांचा आडोसा

शिकाऊ विमान गावाबाहेरच्या कांद्याच्या वावरात उतरलं. उतरलं कसलं, आदळलंच. चाक मोडलं, एक पंख चिखलात रुतला. चालवणारी मुलगी एकटीच होती. धडधाकट बाहेर आली आणि बांधावर बसली. आम्ही धावत पोचलो, तेव्हा ती पांढऱ्या शर्टाच्या खांद्यांवरच्या काळ्या पट्ट्या काढून खिशात घालत होती.

सायकल शिकताना पडलो की गुडघा आपण नंतर बघतो. आधी इकडंतिकडं बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना! हिच्या पडण्याला मात्र अख्खं गाव हजर होतं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. माझ्याही.

"मॅडम, जरा इकडं बघा की!" कुणीतरी ओरडलं. तिनं ओंजळीत तोंड लपवलं.

तेवढ्यात खुरपणीच्या बायका आल्या. उघड्यावर एखादीला लुगडं बदलायचं असलं की धरतात, तसा त्यांनी पदर पसरून तिच्याभोवती आडोसा धरला. रीतीप्रमाणं पाठी तिच्याकडे, तोंडं आमच्याकडे. म्हणजे त्यांनीही तिच्याकडे बघायचं नाही.

आतून हुंदका आला. "मावशी, तुमचा कांदा..."

"कांदा काय, परत लावू," वावराची मालकीण मान न वळवता म्हणाली. "तू रडून घे निवांत. आम्ही हाय हितं."

मी काढलेला फोटो काल उघडला. मुलगी त्यात कुठंच नाही. पदर धरलेल्या पाच बायका आहेत, आणि पाचीजणी माझ्याकडे बघताहेत.