वारा पडला आणि चिंबोऱ्या मेल्या

शिरगावला जाणार असाल तर जरूर जा. किल्ला बघा, सुकट बांधून आणा. मी मात्र साठच्या दशकात तिथं गेलो ते शेवंतीच्या, माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणाला, हिरवं लुगडं घेऊन. आजही ते आठवलं की डोकं फिरतं.

पालघर स्टेशनात तारापूरच्या बांधकामावर निघालेल्या कामगारांची हीऽ गर्दी. चहा फक्कड मिळाला, पुढची एसटी मात्र हाडं खिळखिळी करणारी. शिरगावात उतरलो तर पान हलत नव्हतं. वारा कधीचा पडलेला, त्यात भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, भरतीलाही जोर नाही.

तिकडं पाहुण्यांसाठी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आधीच धरून, झाकणाच्या टोपलीत घालून खाडीत सोडतात. जेवणाच्या दिवशी जिवंत वर काढायच्या. शेवंतीच्या सासूनं चोराच्या भीतीनं टोपली खोल खळग्यात बुडवलेली. माझ्यासमोर ओढली. काळा चिखल, कुजका वास, आणि झाडून सगळ्या मेलेल्या.

"हिनंच हात लावला व्हता!" सासू शेवंतीकडं बोट करून कडाडली. "पोटुश्या बाईची सावली! धक्क्यावर नाक घास, दर्याची माफी माग. नायतर डोहाळजेवण नाय."

वा रे न्याय! लाटा पाणी घुसळतात तेव्हा वरची हवा तळाला पोचते. वारा पडला की तळाचं पाणी शिळं होतं, उरलेली हवा चिखल खाऊन टाकतो. शेजाऱ्याची टोपली खांबाला वरच टांगलेली. तिच्यातल्या चिंबोऱ्या नांग्या उगारत होत्या. मी दाखवलं.

"तुमी मुंबईवाले!" म्हणत सासूनं तोंड फिरवलं. आणि शेवंतीचा नवरा? मख्ख! गरोदर बायको उन्हात उभी, आणि हा जाळ्याच्या गाठी सोडवत बसलेला.

"मी काय बी केलं नाय," शेवंती म्हणाली. नाक काही घासलं नाही. शेवटी सासूनंच दर्याला नारळ दिला आणि नव्या चिंबोऱ्या त्याच खळग्यात सोडल्या. संध्याकाळी वारा सुटला, लाटा धक्क्यावर आपटायला लागल्या. सकाळी टोपलीतल्या सगळ्या जिवंत.

"बघ, नारळ पावला! आता नाक घास, मंग जेवायला बसवते."

म्हणजे मेल्या त्या माझ्या बहिणीमुळे, जगल्या त्या नारळामुळे! मी तोंड उघडणार, तोच शेवंतीनं पदर खोचला.

"मग डोहाळजेवण त्या नारळालाच घाला," म्हणाली आणि एसटीच्या रस्त्याला लागली.

लुगडं आमच्या आईनं घरी नेसवलं. बारशाला नवरा आला, जिवंत चिंबोऱ्या घेऊन. "या कशा वाचल्या?" मी खवचटपणे विचारलं.

"वारा पडला का आमी टोपली वरच टांगतो," तो सहज म्हणाला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. तेव्हाही!