फोनचं कपाळ

माझ्या फजितीची गोष्ट मीच सांगितलेली बरी. सूनबाई सांगते तेव्हा हसू आधी येतं, गोष्ट मागून येते आणि तोवर माझा चहा गार होतो.

तर आमची शोभा सांगलीत स्कूटीवरून घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवते. मुलगा फौजेत, घरात आम्ही दोघीच. तिचा जुना फोन दुपारी दोनलाच मान टाकायचा. तीनदा असं झालं आणि कंपनीनं कळवलं, आता एकदा जरी कामाच्या वेळेत गायब झालात तरी नाव कमी करू. शोभा त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, "फोन मी बघते."

का, मी का बघू नये? शाळा मी लांबूनच पाहिली, पण मार्केट यार्डात हळद निवडता निवडता पोत्यांवरची अक्षरं लावून वाचायला शिकले. फोन तो काय! शेजारणीच्या फोनवर चार दिवस व्हिडिओ बघितले आणि पक्की तयार होऊन दुकानात गेले.

स्वस्तातले पाच फोन मांडून घेतले. एकेक उन्हात नेऊन बघितला, काच दिसते का. ओल्या बोटानं दाबून बघितला, कारण पावसात पार्सल काय थांबतंय? मग भर चौकात उभी राहून घंटी वाजवून घेतली. दुकानदार कंटाळला.

"आजी, फोन घेताय का म्हस?"

"म्हस बरी. लाथ मारती ती आधी कळतं तरी. बॅटरी दिवसभर टिकंल का ते सांग."

"टिकंल की. आन् ह्ये वर मधी बारीक भोक दिसतंय न्हवं, त्येला जरा..."

"म्हाईत हाय मला," मी म्हटलं. आता विचारायला मी काय अडाणी?

त्यानं शोभाचं सगळं नव्या फोनात घालून दिलं, वर जाड प्लास्टिकची काच चिकटवली. त्या काचेलाही भोकाच्या जागी नेमकं भोक पाडलेलं. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन पाटावर ठेवला. पोटापाण्याची वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही, ही आमची रीत. आणि कुंकू कुठं लावायचं हा प्रश्नच नव्हता. वर मधोमध काळा ठिपका, जसं काही कपाळ आखूनच दिलेलं. हळद घरची, कुंकू तेलात कालवलेलं, पुसलं जाऊ नये म्हणून. बोटानं नीट दाबून बसवलं.

शोभानं घाईत पदरानं काच पुसली आणि कामाला निघायच्या आधी स्वतःचा फोटो काढला. कंपनी रोज चेहरा बघूनच काम देते. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. परत काढला. नाही जुळत.

"आत्याबाई, ह्ये बघा."

बघते तर खंडोबाच्या जत्रेत भंडारा खेळून आल्यागत पिवळी-तांबडी बाई, आणि तिला नाक नाही.

"धाच्या आत फोटू गेला न्हाई तर गेलंच माझं काम," शोभा म्हणाली.

मी तिच्या मागं स्कूटीवर बसले आणि थेट दुकान गाठलं. सात-आठ गिऱ्हाइकं होती. बरंच झालं म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. "म्हातारी बघून आंधळा फोन गळ्यात मारलास व्हय रं? माझ्या सुनंचं त्वांड वळखंना त्यो. पाच फोन पारखून घेतल्यात मी, काय समजलास?"

गड्यानं फोन उजेडात धरला. दात कोरायची काडी घेतली, वरच्या ठिपक्यात, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्यात, फिरवली आणि पांढऱ्या कागदावर पुसली. कागदावर चिमूटभर कुंकू.

"आजी," तो म्हणाला, "ह्यो फोन सुवासिनी कवा झाला?"

अख्खं दुकान हसलं. शोभा तेवढी हसली नाही, तिला वेळ कुठं होता? तिनं तिथंच फोटो काढला. चेहरा जुळला. दहाला चार मिनिटं कमी होती.

ती हसली ती संध्याकाळी. अजून थांबलेली नाही.

परवा खंडेनवमी झाली. पाटावर विळा, खुरपं, स्कूटीची किल्ली मांडली. बघते तर फोन नाही, त्याच्या जागी चार्जर.

"फोन कुठाय गं?"

"चार्जरलाच लावा, आत्याबाई. त्येला डोळं न्हाईत."

मी कुंकवाची वाटी उचलली. चार्जरचं कपाळ कुठलं, ते तिला विचारलं नाही. विचारायला मी काय अडाणी? वर मधोमध एक चांगलं चपटं भोक होतंच की.