फिरायला आलेल्या गोजराबाई

अमेरिकेच्या कागदोपत्री चिंचणीच्या गोजराबाई तामोरे या हौशी प्रवासी आहेत. सव्वातीन वर्षांत चार वेळा त्या ह्यूस्टनला फिरायला गेल्या आणि मिळून बावीस महिने फिरल्या. या बावीस महिन्यांत त्यांनी मुलाचं घर, घरामागचं अंगण, कोपऱ्यावरचं दुकान आणि लहान मुलांचा डॉक्टर एवढं पाहिलं.

पहिला फॉर्म मीच भरला होता. येण्याच्या कारणापुढे ‘पर्यटन’ लिहिताना मी विचारलं, “मावशी, काय काय बघणार?”

“नातीला,” त्या म्हणाल्या. नात किंजल तेव्हा दीड महिन्याची होती.

मला त्यात काही खटकलं नाही. आमचं बोईसर थोड्या दिवसांसाठी म्हणून येऊन राहिलेल्या माणसांनीच भरलेलं आहे. माझे वडील साताऱ्याहून इथल्या कारखान्यात दोन वर्षांसाठी आले, त्याला एकतीस वर्षं झाली. अजूनही पडदे घ्यायचे म्हटलं की आई म्हणते, इथं किती दिवस राहायचंय.

गोजराबाई आमच्या कॉलनीत दारोदार मासळी विकायच्या, पण त्यांचा खरा संसार चिंचणीच्या बाजारातला. नळाजवळची, सावलीतली जागा त्यांना सासूकडून मिळालेली. नवरा गेला तेव्हा त्याच जागेने मुलाला, मनीषला, इंजिनियर केलं. या जागेचा कागद नसतो. जी बसते तिची जागा, एवढाच कायदा. म्हणून पहिल्यांदा जाताना गोजराबाईंनी धाकट्या जावेला, हंसाला, तिथं बसवलं.

“मला दोनच महिने जमेल, गोजराताई,” हंसा म्हणाली होती.

दोनाचे सहा झाले. पुढच्या खेपेला हंसाने स्वतःचा पाट आणला. त्याच्या पुढच्या खेपेला निळी ताडपत्री बांधली. चौथ्या खेपेपर्यंत तिची सून उन्नतीही शेजारी बसू लागली आणि गिऱ्हाइकं ‘हंसाबाईंच्या इथून घे’ म्हणू लागली. तिकडे गोजराबाईंचा मुक्काम वाढला की इकडे हंसाचाही आपोआप वाढायचा.

तिथल्या विमानतळावर काय बोलायचं हे मनीषने आईकडून घोकून घेतलं होतं. “फिरायला आले,” एवढंच. पण चौथ्या खेपेला काउंटरवरच्या साहेबाने फोनवर दुभाषी घेतला आणि विचारलं, “आतापर्यंत काय काय पाहिलंत?” हे मनीषने शिकवलं नव्हतं. मग गोजराबाईंनी जे पाहिलं होतं ते सांगितलं. इथं दुकानात मासळीला डोकंच नसतं. “डोकं का कापतात इचारा त्याला. डोळा बघितला की शिळं कळतं, म्हणून कापतात.” दुभाष्याने याचं इंग्रजी कसं केलं कोण जाणे. साहेब हसला, शिक्का मारला आणि म्हणाला, पुढच्या वेळी फिरल्याचे फोटो दाखवा.

मनीषने हे मनावर घेतलं. एका रविवारी आईला, बायको हिमानीला, किंजलला आणि पाच साड्यांना घेऊन तो रॉकेटं ठेवली आहेत तिथं गेला. रॉकेट उजवीकडून, हिरवी साडी. रॉकेट डावीकडून, अबोली साडी. मग कारंजं, बाग आणि पार्किंगमधली एक बरी भिंत. मधे मधे हिमानी सासूला बाथरूममध्ये नेऊन निऱ्या घालून देत होती. किंजलचेही पाच फ्रॉक बदलले. ती तिसऱ्या फ्रॉकपासून रडत होती, त्यामुळे पुढच्या फोटोंत गोजराबाई तिला खांद्यावर घेऊन थोपटताना दिसतात. पर्यटनापेक्षा ते त्यांना जास्त जमलेलं आहे.

फोटो घरच्या ग्रुपवर एकेक आठवड्याच्या अंतराने टाकले गेले. चिंचणीत नाव झालं. हंसा म्हणाली, “फिरतेय ती, फिरू द्या. जागा मी बघते.”

यंदा जूनमध्ये गोजराबाई घरी होत्या. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या. बाजारातली सगळ्यात जुनी विक्रेती हिरा. तिने एक दिवस सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “गोजरा, नारळी पुनवेला होड्या जातील. पहिली मासळी येईल तवा जी बसेल, तिची जागा. कोन रोज भांडेल?”

“आन मी नसले तर?”

“तर तू पाव्हनी. ये, चहा पी, जा.”

त्याच आठवड्यात मनीषचा फोन आला. तिकीट काढलं होतं. पुनवेच्या चार दिवस आधी जायचं, डिसेंबरात परत.

“पुनव झाली की येते रे.”

“हिमानीचं ऑफिस सुरू होतंय, आई. आणि जागेचं काय, हंसाकाकी आहे ना.”

मुलाला नाही म्हणणं गोजराबाईंना कधी जमलं नाही. त्या निघाल्या. दर वेळी त्यांची बॅग बांधायला मी आणि आई दोघी लागायचो. या वेळी त्यांचं सगळं एका हातपिशवीत मावलं.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. काउंटरवर या खेपेला बाई होती. फोटो मोबाइलमध्ये तयार होते, मोबाइल पिशवीत होता, आणि गोजराबाईंनी तो तिथंच राहू दिला.

“कशासाठी आलात?”

“नातीला सांभाळायला. सून कामाला जाते. सकाळी डबा, दुपारी धुनं, सांजचं किंजलला न्हायला घालते.”

“किती दिवस?”

“मुलगा म्हनेल तितके.”

“आणि पर्यटन?”

“ते एका रईवारी केलं.”

फिरायच्या व्हिसावर मूल सांभाळायचं काम चालत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विमानाने त्यांना परत पाठवण्यात आलं. व्हिसा रद्द झाला. मनीष फोनवर जवळजवळ रडला. “आई, दोनच शब्द बोलायचे होते.”

“इसरले रे.”

कॉलनीतल्या कुठल्या घरात गुरुवारी मासळी चालत नाही, कोणाला पापलेट लहान लागतं, कोणाकडे पाहुणे आले की कोळंबी जाते, हे सगळं ज्यांना तीस वर्षं न लिहिता पाठ आहे, त्या दोन शब्द विसरल्या. मनीषचा विश्वास बसला. शिकलेली मुलं आईवर असा विश्वास ठेवतात.

किंजल आता पाळणाघरात जाते. रोज सकाळी, म्हणजे तिच्या झोपेच्या वेळी, फोनवर आजीला शोधते. गोजराबाई तिला डोक्यासकट मासा दाखवतात, डोळा बघायला सांगतात. फोन बंद झाला की आधी पदराने त्याची काच पुसतात. गिऱ्हाईकही तेवढं थांबतं.

माझ्या आईने त्यांना विचारलं होतं, अमेरिका कशी आहे? त्या म्हणाल्या, “बघितली नाय, बाय. मी तिथं राहत होते.”

पण पहिल्या मासळीच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्या सकाळी हंसा टब घेऊन आली, तर तिच्याच निळ्या ताडपत्रीखाली गोजराबाई बसलेल्या.

“कवा आलीस, गोजराताई?”

“आले.”

“किती दिवस हायस?”

“परतीचं तिकीट नाय.”

हंसाने टब खाली ठेवला. हिराने कोयती धुवायला घेतली, पण कान इकडेच.

“मग मी कुठं बसू?” हंसा म्हणाली.

गोजराबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, काउंटरवरची माणसं पाहतात तसं.

“कशासाठी आलीस?”

“मासळी इकायला. दुसरं काय?”

खरं बोलली म्हणून असेल, गोजराबाईंनी आपला पाट हातभर सरकवला.

“किती दिवस?”

“दोन महिने. मला न् उन्नतीला दुसरी जागा बघते तवर.”

“बस,” गोजराबाई म्हणाल्या. दोन महिने केवढे असतात, ते त्यांना ठाऊक होतं.