आडवी डहाळी

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, रानाच्या कडेला. रानात वाट फुटली आणि एक वाट चुकीची निघाली, तर पुढे गेलेला माणूस परत येऊन तिच्यावर हिरवी डहाळी आडवी ठेवतो. ही वाट बंद, एवढाच तिचा अर्थ. ती कोणी उचलत नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी नागपूरच्या कॉलेजात गेलो. घराण्यातला पहिलाच. तिथल्या इमारती सगळ्या सारख्याच, पाट्या इंग्रजीत. शहरातली मुलं चुकायची नाहीत; दिसेल त्याला बिनधास्त विचारायची. मोठ्या माणसाला थांबवून विचारायचं मला जमत नसे. पहिले पंधरा दिवस मी दुसऱ्या मुलांच्या मागे चालून वर्ग गाठले.

वसतिगृहातली जागा पक्की करायला पालकाने स्वतः येऊन अंगठा द्यायचा होता, शनिवारी एकच्या आत. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, ऐन भरात होता, तरी बा निघाला. मी पत्रात लिहिलं, ‘मला तास आहे. तुम्ही सरळ वसतिगृहाच्या ऑफिसात या.’ तास अकरालाच संपणार होता. गुडघ्यापर्यंतच्या धोतरातल्या बापाशेजारी फाटकावर उभं राहायचं मला नको होतं. खरं कारण एवढंच.

तास सुटल्यावर दोन मित्रांबरोबर ऑफिसकडे निघालो. फाटकाच्या आत तीन रस्ते फुटत. त्यातल्या प्रयोगशाळेच्या रस्त्यावर कडुनिंबाची ताजी डहाळी आडवी पडलेली. बघताक्षणी कळलं, बा इथे चुकला आणि आता दुसऱ्या रस्त्याने गेला.

“अबे, हा पाला कोणी टाकला बे?” एक मित्र म्हणाला. “कोणी जंगली घुसला वाटते कॉलेजात!”

दुसरा माझ्याकडे बघून हसला. “तुमच्याकडचा तर नाही ना बे?”

“छे! बकऱ्यांसाठी तोडली असेल कोणी,” मी म्हणालो आणि पायाने डहाळी गटारात ढकलली. मित्र हसले. मीही हसलो.

मित्र आपल्या खोल्यांकडे गेले, ऑफिससमोर मी एकटाच उभा राहिलो. बारा वाजले, साडेबारा झाले. शोधायला जावं असं दहादा वाटलं, पण गेलो नाही. एकला कारकुनाने कुलूप लावलं आणि सांगितलं, “आता सोमवारी सकाळी. तेव्हा नाही आले तर जागा दुसऱ्याला.”

त्यानंतर बा आला, घामाने निथळत.

“शिपायाले पुसलं त म्हणे, लेफ्टले जा. मले का समजते? एका घरात गेलो, ते नाई. वाटंवर डहाळी ठेवली. दुसऱ्या वाटंनं गेलो, तेही नाई. परतून येतो त डहाळीच नाई! मंग फिरून पहिल्याच घरात गेलो. डहाळी कुठी गेली रे बाबू?”

“बकऱ्यायनं खाल्ली असन, बा.”

बाने धोतराच्या टोकाने घाम पुसला.

“बकरी पाला खाते,” तो म्हणाला. “काडी सोडते.”

मग बा एका ओळखीच्याच्या पडवीत दोन दिवस राहिला. तिकडे भाताच्या रोपांचे पऱ्हे उपटून शेताच्या बांधीत पडले होते. माय एकटी किती रोवणार? त्या वर्षी आमची एक बांधी पडीक राहिली.

सोमवारी सकाळी मी फाटकावर उभा होतो. तीन रस्त्यांपाशी आल्यावर बाने सवयीने कडुनिंबाची डहाळी मोडली, वाकला आणि तसाच थांबला. मग पाला ओरबाडून टाकला, काडी दातवणासारखी तोंडात धरली आणि म्हणाला, “चाल, तू समोर हो.”

मी पुढे झालो. अंगठा झाला, जागा मिळाली, त्या जागेवर राहूनच मी पदवीधर झालो. डहाळी मी ढकलली हे बाला मी कधी सांगितलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.